बालदृष्टी आणि भेदनीती : ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ व मराठी कथनांतील निरागसतेचा प्रश्न

१

लहान गाव हे कादंबरीचे जुने आणि हक्काचे क्षेत्र आहे. महानगरात माणूस अनोळखी राहू शकतो. लहान गावात ती सोय नसते. येथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, आणि ही ओळख चेहऱ्यापुरती नसते. घराणे, आळी, धंदा, मागल्या पिढीचा तंटा, कोणी कोणाच्या ओट्यावर बसावे आणि कोणी अंगणाच्या कडेला उभे राहावे, या सर्वांचे एक अलिखित ज्ञान गावाजवळ साठवलेले असते. प्रौढांच्या अंगवळणी पडलेले असल्यामुळे ते त्यांना ज्ञान वाटतच नाही. मुलाला मात्र ते जन्मतः नसते. ते त्याला एकेक प्रसंगातून मिळवावे लागते, आणि मिळवताना काही गमवावेही लागते. मूल निवेदक म्हणून निवडणाऱ्या लेखकाला ही मिळवण्या-गमावण्याची क्रिया दाखवावयाची असते. मुलाच्या प्रश्नाने गावाचे अलिखित शास्त्र उघडे पडते. कारण मूल जे विचारते ते विचारण्याचे गावाने सोडून दिलेले असते.

हार्पर ली (१९२६–२०१६) या अमेरिकन लेखिकेची ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ ही १९६० साली प्रसिद्ध झालेली आणि १९६१ साली पुलित्झर पारितोषिक मिळालेली कादंबरी या प्रकारच्या लेखनाचा सर्वपरिचित नमुना होय. वर्णद्वेष आणि बालपणातील निरागसतेचा भंग ही तिची दोन सूत्रे असल्याचे नेहमी सांगितले जाते. ती दोन्ही सूत्रे मराठी वाचकाला परकी नाहीत. वर्णाच्या जागी जात ठेवली की त्याला आपल्याकडील अनेक कथने आठवतात. परंतु ही अदलाबदल इतकी सरळ आहे काय, हा प्रश्न आहे. निरागसतेचा भंग झाला असे म्हणावयाचे असेल तर ती आधी कोणाजवळ होती आणि ती बाळगण्याची मुभा कोणाला होती, याचा शोध घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखात ली यांच्या कादंबरीशेजारी काही मराठी आणि एक तमिळ कथन ठेवून तो घेण्याचा प्रयत्न आहे.

२

कादंबरीतील मेकोम हे अलाबामा राज्यातील काल्पनिक गाव. काळ १९३० नंतरच्या मंदीचा. निवेदन करणारी स्काउट आरंभी सहा वर्षांचीही नाही. तिचा थोरला भाऊ जेम, उन्हाळ्यात येणारा मित्र डिल, वकील असलेले वडील अ‍ॅटिकस फिंच आणि घर सांभाळणारी कृष्णवर्णी कॅल्पर्निया, असे तिचे जग आहे. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णी मजुरावर गोऱ्या तरुणीवरील बलात्काराचा आरोप येतो आणि अ‍ॅटिकस त्याचे वकीलपत्र घेतो. टॉमचा डावा हात लहानपणीच यंत्रात सापडून निकामी झालेला आहे, आणि तरुणीच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूच्या जखमा डावखुऱ्या माणसाकडे बोट दाखवतात. पुरावा इतका स्पष्ट असूनही ज्युरी टॉमला दोषी ठरवते. पुढे तुरुंगातून पळण्याच्या प्रयत्नात तो गोळ्यांना बळी पडतो. १९३१ साली अलाबामातच स्कॉट्सबरो खटला उभा राहिला होता. दोन गोऱ्या स्त्रियांवर बलात्कार केल्याच्या आरोपावरून नऊ कृष्णवर्णी तरुणांना त्यात गोवण्यात आले होते. कादंबरीची पार्श्वभूमी समजण्यास तेवढे पुरेसे आहे.

बालदृष्टीचे सामर्थ्य तुरुंगाबाहेरच्या प्रसंगात विशेष प्रत्ययास येते. टॉमला ठार मारण्यासाठी जमाव जमला आहे. दाराशी अ‍ॅटिकस एकटा बसला आहे. अशा वेळी स्काउट जमावातील एका ओळखीच्या शेतकऱ्याशी त्याच्या मुलाविषयी बोलू लागते. तो मुलगा तिच्या वर्गातला. तिला जमाव दिसत नाही, शेजारी दिसतो. तिच्या बोलण्याने तो शेतकरी पुन्हा एका मुलाचा बाप होतो आणि जमाव पांगतो. गावची ओळख येथे एक जीव वाचवते. मात्र हीच ओळख न्यायालयात हरते, कारण ज्युरीतील बारा जणांनाही टॉम कोण आहे हे ‘ठाऊक’ असते.

या ज्ञानाचे स्वरूप दाखवणारे आणखी एक स्थळ आहे. न्यायालयाच्या आवारात जेम आपल्या बहिणीला मिश्र रक्ताची मुले दाखवतो. ती गोऱ्यांतही मोडत नाहीत आणि काळ्यांतही नाहीत. हे ओळखायचे कसे, असे स्काउट विचारते. पाहून ओळखता येत नाही, ती कोणाची मुले हे ठाऊक असावे लागते, अशा आशयाचे उत्तर जेमजवळ आहे. वर्णभेद डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावर उभा आहे ही समजूत या छोट्या संवादात ढासळते. रंगसुद्धा अखेर गावाच्या स्मृतीवर अवलंबून आहे. जातीशी तुलना करण्याचा मार्ग येथून मोकळा होतो.

३

या दोन भेदांची सांगड मराठी विचारविश्वात नवी नाही. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. त्याच दशकात जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्याचा परिचय मराठी वाचकांना ग्रंथरूपाने करून दिला. तथापि आंबेडकरांनीच ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ मधील प्रबंधात जात म्हणजे वंश नव्हे हे आग्रहाने मांडले होते. साम्य यातनेचे आहे. यंत्रणा वेगळ्या आहेत. आंबेडकरांच्याच एका बालपणीच्या आठवणीतून हा वेगळेपणा उत्तम प्रकारे समजतो.

१९०१ साली नऊ वर्षांचे भीमराव भाऊ आणि भाच्यांसह सातारहून वडिलांच्या भेटीस गोरेगावला निघाले. मसूर स्थानकावर न्यावयास कोणी आले नव्हते. मुलांचे कपडे नीटनेटके, बोलणे चांगले; स्टेशनमास्तरांना ती ब्राह्मणाची मुले वाटली. त्यांनी आपुलकीने चौकशी केली आणि मुलांनी सहजपणे आपली जात सांगितली. मास्तरांचा चेहरा पालटला. गाडीवाले येईनात. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही अशा अटीवर की गाडी मुलांनी हाकावी आणि त्याने पायी चालावे. रात्री जकातनाक्यावर पाणी मागण्याची वेळ आली तेव्हा गाडीवानाने सुचवल्याप्रमाणे मुलांनी आपण मुसलमान असल्याचे सांगितले. तरीही पाणी मिळाले नाही. जवळ अन्न असून, पाण्यावाचून ती उपाशी निजली.

हा प्रवास एका दिवसाचा आहे आणि त्यात एका बालपणाचा शेवट सामावलेला आहे. संध्याकाळी मूल खरे बोलते, कारण खरे बोलण्याने काय होते हे त्याला माहीत नाही. रात्री ते खोटे बोलते, कारण आता माहीत झाले आहे. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेत नोकरीसाठी परमुलखात गेलेला तरुण जात लपवतो आणि ती उघड होताच मार खातो. जात ‘चोरण्याची’ ही क्रिया मसूर ते जकातनाका एवढ्या अंतरात एका नऊ वर्षांच्या मुलाला शिकावी लागली. भेद अंगावर लिहिलेला नसल्यामुळे तो बोलून घ्यावा लागतो. म्हणून आपल्याकडील कथनांत ‘तू कोणाचा?’ हा प्रश्न वारंवार कलाटणी देणारा ठरतो.

आणखी एक बाब येथे नोंदवावी लागेल. आपण अस्पृश्य आहोत हे भीमरावांना या प्रवासापूर्वी ठाऊक होते. शाळेत वेगळे बसावे लागे. बसण्याचे गोणपाट घरून न्यावे लागे. शिपायाने ओतल्याखेरीज पाणी मिळत नसे. पण हे सर्व त्यांना ऊनपावसासारखे, असायचेच असे वाटत होते. मसूरने नियम शिकवला नाही; नियमामागचा तिरस्कार दाखवला. स्काउटची निरागसता अज्ञानाची आहे. या मुलाची निरागसता सवयीची होती, आणि म्हणून तिचा भंग अधिक खोल आहे.

४

सवर्ण घरातील मुलाच्या दृष्टीने हाच अनुभव पाहावयाचा तर साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’कडे वळले पाहिजे. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक कोकणातील एका खेड्यातल्या ब्राह्मण घराचे चित्र रेखाटते. त्यातील एका आठवणीत एका अस्पृश्य म्हातारीची मोळी डोक्यावरून पडली आहे. ती उचलून द्यावयास कोणी धजत नाही. आई श्यामला सांगते की तिला हात दे आणि मग घरी येऊन आंघोळ कर. श्याम त्याप्रमाणे करतो.

या प्रसंगाकडे पाहण्याचे दोन मार्ग संभवतात. आंघोळीवर भर दिला तर रूढी जशीच्या तशी राहिली असे दिसते. हात देण्यावर भर दिला तर रूढीला प्रथमच तडा गेलेला दिसतो. दोन्ही वाचने खरी आहेत, आणि दोन्ही एकत्र धरल्याशिवाय आईची व्यक्तिरेखा हाती येत नाही. तिला सुधारणेची परिभाषा अवगत नाही. स्पर्शाचा दोष ती नाकारत नाही; तो दोष पत्करूनही करावे असे काही आहे, एवढेच ती सांगते. पुढे १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, तेव्हा आंघोळीची अट गळून पडलेली होती.

अ‍ॅटिकस आणि श्यामची आई यांच्यात मुलाला नीती शिकवणाऱ्या वडीलधाऱ्याचे नाते समान आहे. ली यांनी १९५०च्या दशकात आधी लिहिलेली पण २०१५ साली प्रसिद्ध झालेली ‘गो सेट अ वॉचमन’ ही कादंबरी वाचल्यावर हे साम्य अधिकच जाणवते. तेथे प्रौढ स्काउटला आपले वडील वर्णविभाजन संपवण्याच्या विरोधात असल्याचे कळते. दैवत मानलेल्या बापाच्याही हातून ‘आंघोळ’ सुटलेली नाही हे तिला उमगते, आणि तिची निरागसता दुसऱ्यांदा भंगते.

या दोन्ही कृतींत मूल पाहणारे आहे. सोसणारा दुसराच कोणी आहे. टॉमच्या उलटतपासणीच्या वेळी सरकारी वकिलाचा तुच्छतेचा स्वर ऐकून डिल रडू लागतो. बाहेर भेटलेला एक मनुष्य म्हणतो की याला अजून जगाचा वारा लागलेला नाही. थोडा मोठा झाला की हा रडणार नाही. हे भाष्य मार्मिक आहे, पण ते गोऱ्या मुलाच्या अश्रूंविषयी आहे. सज्जात जे कृष्णवर्णी कुटुंबांसह बसले आहेत, ज्यांच्या शेजारी स्काउट आणि जेम यांना जागा मिळाली आहे, त्यांच्या मुलांना या स्वराचे नवल वाटण्याचे कारण नाही.

कादंबरीत एक क्षण असा आहे की तेथे ही मर्यादा आपणहून दिसते. टॉमच्या मृत्यूची वार्ता सांगण्यासाठी अ‍ॅटिकस त्याच्या घरी जातो. अंगणात मुले खेळत आहेत. टॉमची एक चिमुरडी पायऱ्या उतरू पाहते, तेव्हा तो तिला आपले बोट धरावयास देतो. क्षणभराने तिची आई बातमी न ऐकताच कोसळते. हा प्रसंग डिलने पाहिलेला आणि स्काउटला सांगितलेला आहे, म्हणजे दोन मुलांच्या दृष्टींतून गाळून तो वाचकापर्यंत येतो. त्या मुलीचे पुढे काय झाले, तिला ते बोट आठवले की आईचे कोसळणे आठवले, हे कादंबरीला सांगता येत नाही. तिची निवेदिका त्या अंगणात राहत नाही.

५

मराठी दलित आत्मकथने त्या अंगणातून लिहिली गेली आहेत. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आणि शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ साली आले. यांना कादंबरी म्हणता येणार नाही. पण निवेदनतंत्राचा प्रश्न येथेही तोच आहे. मूल जगते आणि प्रौढ लिहितो, या दोघांमधील अंतर कसे सांभाळावे? ली यांनी प्रौढ स्काउटच्या संयत, किंचित विनोदी स्वराने ते सांभाळले. पवारांनी निवेदकाचे दोन भाग केले : गावाकडचा दगडू बोलतो आणि शहरातील सुशिक्षित दया पवार ऐकतो. येथे अंतर काळाचे आहे तसेच लज्जेचेही आहे. जो मोठा झाला त्याला जो लहान होता त्याच्याशी नाते सांगताना संकोच वाटतो, हे या रचनेनेच सूचित केले आहे.

‘अक्करमाशी’चा विचार मेकोमच्या आवारातील त्या मिश्र मुलांशेजारी ठेवून केला पाहिजे. सोलापूर जिल्ह्याच्या कर्नाटकाला लागून असलेल्या पट्ट्यातील हन्नूर हे गाव. आई महार, बाप पाटील. बापाने नाव द्यावयाचे नाही आणि गावाने जात विसरावयाची नाही. शाळेत नाव घालताना बापाच्या नावाचा रकाना हाच संकटाचे कारण होतो. ली यांच्या कादंबरीत अशी मुले दूर उभी असतात आणि त्यांच्याविषयी बोलले जाते. येथे त्यांच्यातला एक स्वतः बोलतो. त्याला वाढवणारी आजी आणि तिच्यासोबत राहणारा मुसलमान ‘दादा’ यांच्या मायेमुळे रक्ताचा हिशेब अधिकच निरर्थक ठरतो, आणि तरीही गाव तो हिशेब सोडत नाही.

याच पुस्तकात शाळेच्या सहलीचा प्रसंग आहे. सवर्ण मुले एका बाजूला बसून जेवतात, महारांची मुले दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या दिवशी गुरुजी सहलीवर निबंध लिहावयास सांगतात आणि मुलाला काय लिहावे ते सुचत नाही. सहलीच्या निबंधात आनंद लिहावयाचा असतो, हे शाळेने आधीच ठरवलेले आहे. त्या साच्यात या मुलाचा दिवस मावत नाही. पुढे प्रौढपणी लिहिलेले सबंध पुस्तक म्हणजे त्या न लिहिलेल्या निबंधाचे उत्तर होय असे म्हटल्यास वावगे ठरू नये. मेकोमच्या शाळेतही बाई हिटलरच्या ज्यूद्वेषाचा निषेध करतात, आणि न्यायालयाच्या पायरीवर त्याच बाई कृष्णवर्णीयांना धडा मिळाल्याचे समाधान व्यक्त करतात. स्काउटला या विसंगतीचे कोडे पडते. लिंबाळ्यांच्या निवेदकाला कोडे पडत नाही. तो त्या विसंगतीच्या आत बसून जेवलेला आहे.

६

तमिळ लेखिका बामा यांच्या ‘करुक्कु’ (१९९२) या आत्मकथनातील एक आठवण या चर्चेला पूर्णता देते. शाळेतून रमतगमत घरी येणारी मुलगी पाहते की आपल्या वस्तीतील एक वडीलधारा गृहस्थ खाण्याची पुडी तिला हात न लावता दोऱ्याने लोंबकळत धरून चालला आहे आणि वाकून ती जमीनदाराला देत आहे. तिला ते दृश्य विनोदी वाटते. घरी येऊन ती थोरल्या भावाला हसत हसत सांगते. भाऊ हसत नाही. त्या माणसाच्या स्पर्शाने पदार्थ बाटतो अशी जमीनदाराची समजूत असल्यामुळे तो पुडी तशी नेत होता, हे तो तिला समजावतो. त्याला स्वतःलाही एकदा ‘तू कोणत्या गल्लीत राहतोस?’ असे विचारण्यात आले होते. गल्ली कळली की जात कळते.

निरागसतेच्या भंगाचे याहून नेमके चित्र क्वचितच आढळेल. डिल रडतो, कारण दुसऱ्याचा अपमान त्याला समजतो. ही मुलगी हसते, कारण तो अपमान तिला समजत नाही. आणि समजतो तेव्हा तो तिचा स्वतःचा असतो. दुःखाने पाहणाऱ्या मुलापेक्षा हसून पाहणाऱ्या मुलीची हानी मोठी आहे. तिला एक दृश्य नव्याने पाहावे लागते, शिवाय आपले हसूही परत घ्यावे लागते. त्या पुडीतील पदार्थ आपणच जाऊन शिवावेत असे तिला वाटून जाते. श्यामच्या आईने मुलाला स्पर्शाची परवानगी दिली होती. येथे परवानगी देणारे कोणी नाही, म्हणून स्पर्श हा बंडाचा पहिला विचार होतो. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटाच्या अखेरीस जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट प्रेक्षकाकडे येतो, तेव्हा हाच विचार कृतीत उतरलेला दिसतो.

७

या तुलनेतून काही गोष्टी हाती लागतात. निरागसता ही सर्व मुलांना सारखी वाटून मिळालेली ठेव नव्हे. समाजाच्या रचनेप्रमाणे तिचेही वाटप होते. स्काउट आणि श्याम यांना ती दीर्घकाळ बाळगता येते, कारण तिचे रक्षण करणारे घर त्यांच्यामागे आहे. मसूरच्या स्थानकावरील मुलाला, हन्नूरच्या विद्यार्थ्याला आणि पुडीवर हसणाऱ्या मुलीला ती काही क्षणच लाभते. म्हणून पहिल्या प्रकारच्या लेखनात हळहळ आढळते आणि दुसऱ्या प्रकारच्या लेखनात हिशेब मागितला जातो.

यावरून पहिल्या प्रकारचे लेखन कमी प्रतीचे ठरत नाही. पाहणाऱ्या मुलाने पाहणे सोडले की अन्याय बिनसाक्षीचा होतो, आणि साक्षीचे मोल श्यामच्या आईला ठाऊक होते. परंतु अभ्यासकाने साक्षीदाराचे बालपण आणि पीडिताचे बालपण एकाच मापाने मोजू नये. भारतीय संविधानाने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केल्याचे घोषित केले. १९५५ आणि १९८९ साली तिच्याविरुद्ध आणि अत्याचारांविरुद्ध कायदे झाले. तथापि मेकोमच्या न्यायालयात जे हरते ते आपल्याकडे पाणवठ्यावर, शाळेच्या सहलीत किंवा ‘कोणत्या गल्लीत राहतोस?’ या साध्या प्रश्नात हरत आले आहे, आणि तेथे वकील नसतो. तेथे बहुधा एक मूल असते. त्याला त्या दिवसावर निबंध लिहावयास सांगितले जाते, आणि भारतीय भाषांतील या कथनांचे महत्त्व हे की उशिरा का होईना, तो निबंध लिहिला गेला.